अन्नावांचून गड

संगणकाच्या पडद्यावर पृथ्वीचा एक पट उलगडतो. पट षट्कोनी घरांचा असतो. कांहीं घरें हिरवीगार, कांहीं नदीकांठचीं, कांहीं वाळूचीं, तर कांहीं उघड्या डोंगरांचीं. खेळणाऱ्याच्या हातीं वसाहत करणाऱ्यांची एक टोळी दिलेली असते आणि प्रश्न एकच असतो: हिला उतरवावयाचें कोठें? ‘सिव्हिलायझेशन’ नांवाचा हा डावपेंचाचा खेळ सिड मायर यानें अमेरिकेंत रचला व तो १९९१ सालीं प्रथम बाजारांत आला. त्याची सहावी आवृत्ति २०१६ सालीं निघाली. बुद्धिबळाप्रमाणें याहि खेळांत डोकें चालवावें लागतें. फरक इतकाच कीं, बुद्धिबळांतील प्याद्याला जेवावें लागत नाहीं आणि येथील प्रत्येक नागरिकाला तें लागतें.

जेवणाचा हा हिशेब मोठा सक्त आहे. सहाव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणें नगरांतील प्रत्येक माणूस दर खेळीस दोन मापें अन्न खातो. कुरणाच्या एका घरांतून दोन मापें निघतात. म्हणजे त्यावर राबणारा माणूस स्वतःचें पोट भरतो, अधिक कांहीं नाहीं. कोरड्या माळावर एकच माप निघतें. वाळवंटांतील टेकडीवर तर अन्न मुळींच नाहीं. पण तेथें दगड आहे, आणि नशीब असेल तर टेकडीच्या पोटांत लोखंड आहे. ज्याला तरवारी पाहिजेत त्याला लोखंड पाहिजे, आणि लोखंड नेमकें अशाच उपाशी जागीं सांपडावें हा खेळ रचणाऱ्याचा खट्याळपणा. नवशिका खेळाडू अशा वेळीं दोहोंपैकीं एक चूक करतो. एक तर खायला कांहीं नाहीं म्हणून ती जागा सोडून देतो व पुढें शेजाऱ्याच्या तरवारी आपल्या वेशींत आलेल्या पाहतो. नाहीं तर लोभानें तेथें नगर वसवतो, आणि वीस-पंचवीस खेळ्या झाल्या तरी वस्ती कां वाढत नाहीं म्हणून कपाळास हात लावून बसतो.

हा प्रश्न करमणुकीचा खरा. परंतु पुण्याच्या माणसानें तो केवळ करमणुकीचा समजूं नये. शहराच्या नैर्ऋत्येस नजर टाकली कीं सिंहगड दिसतो. त्याच्या पलीकडे राजगड व तोरणा, दक्षिणेस पुरंदर, आणि उत्तरेस दूर जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. यांतील प्रत्येक गड म्हणजे पटावरचें तेंच उपाशी घर आहे. तेथें पिकत कांहीं नाहीं, आणि तरीहि तेथें शेंकडों वर्षें माणसें राहिलीं, राज्यें उभीं राहिलीं. तीं माणसें काय खात होतीं, हा प्रश्न लढायांच्या वर्णनांत सहसा विचारला जात नाहीं. पोवाड्यांत तरवारीला जागा मिळते, पिठाला मिळत नाहीं.

सह्याद्रीच्या माथ्यावर अन्न कां पिकत नाहीं, हें प्रथम नीट पाहिलें पाहिजे. पाऊस कमी म्हणून नव्हे. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं २२० इंचांच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यांत २८ इंचांच्या आसपास. पुण्याच्या पूर्वेस ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या मुलखांत जेवढें पाणी पडतें त्याच्या कितीतरी पट पाणी डोंगरावर कोसळतें, आणि हेंच डोंगराचें दुर्दैव आहे. तें बहुतेक सारें चार महिन्यांत येतें, माती धुऊन खोऱ्यांत नेतें आणि माथ्यावर काळा कातळ तेवढा उघडा ठेवतें. उतारावर जी वीतभर माती उरते तींत नाचणी, वरई अशीं हलकीं धान्यें येतात. तींहि झाडी तोडून, राब भाजून, आणि दोन-तीन वर्षांनीं जमिनीला विश्रांति देऊन. भात होतो तो खालीं, ओढ्याकांठच्या खाचरांत. गडाच्या माथ्यावर सपाटी आधींच थोडी. ती सदर, वाडे, कोठारें आणि शिबंदीच्या घरांनीं व्यापलेली. तेथें नांगर धरावा तरी कोठें?

मग अशा जागीं वस्ती करावयाची कशाला? याचें उत्तर पटावर जें लोखंड देतें तें येथें उंची देते. कोंकणांतून देशावर येणारी वाट कोणत्या ना कोणत्या घाटानें चढते, आणि घाटाच्या तोंडावर ज्याचा गड त्याच्या हातीं ती वाट. जुन्नरजवळच्या नाणेघाटांत सातवाहनांच्या काळचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींहि ती वाट राजाच्या मनांत भरण्याजोगी होती. गडावरून दिवसाउजेडीं दहा-बारा कोस दिसतें. दगड विपुल, लांकूड जवळ, चढण शत्रूच्या दमाचा अंत पाहणारी. दुर्गाचें हें वैभव कोणालाहि दिसतें. मात्र तें वैभव रोज दोन वेळां जेवायला मागतें.

अन्नाच्याहि आधीं पाणी. माणूस उपाशी कांहीं आठवडे काढील, तहानेला कांहीं दिवसहि काढणार नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’ंत दुर्गांचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. राज्यकारभाराच्या या छोट्या ग्रंथांत गड बांधण्याची पहिली अट पाण्याची घातली आहे. आधीं पाणी पाहावें, मग गड बांधावा. पाणी नसेल आणि जागा तर सोडवत नसेल, तर कातळ फोडून टांकीं, तळीं अशीं करावीं कीं पुढच्या पावसापर्यंत सर्वांस पुरेल. एका झऱ्यावर विसंबून राहूं नये, कारण लढाईच्या गडगडाटांत झरा आटला तर गड हातचा जातो. म्हणून दुसरा सांठा राखून ठेवावा व तो जपून वापरावा. हा उपदेश कोणा पंडिताच्या कल्पनेंतून उतरलेला नाहीं. गड गमावण्याचा व परत मिळवण्याचा अनुभव घेतलेल्या पिढीचा तो आहे.

या टांक्यांची युक्ति थोडी समजून घेण्यासारखी आहे. सह्याद्रीचा काळा दगड आडव्या थरांचा आहे. त्यांतला घट्ट थर पाणी धरून ठेवतो. अशा थरांत टांकें खोदलें कीं त्यांतून निघालेला दगड तटाला व घरांना मिळतो आणि मागें राहिलेल्या खड्ड्यांत पाणी सांठतें. एकाच घणाच्या घावांत दोन कामें होतात. जेथें जमलें तेथें कातळाच्या पोटांत आडवें शिरून, मध्यें खांब राखून टांकीं कोरलीं. अशा खांबटांक्यांत ऊन शिरत नाहीं, म्हणून पाणी उडून जात नाहीं, शेवाळ कमी धरतें आणि वैशाखांतहि तें गार राहतें. शिवनेरीवरचीं गंगा-यमुना टांकीं, सिंहगडावरचें देवटांकें, राजगडावरचें पद्मावती तळें, रायगडावरचा गंगासागर हीं नांवें आज सहलीचीं झालीं आहेत. एके काळीं त्या पाण्याच्या पातळीवर किल्लेदाराची झोंप अवलंबून असे. खेळ रचणाऱ्यांनाहि हें तत्त्व सुचलेलें दिसतें: सहाव्या आवृत्तींत नगराजवळ गोडें पाणी असेल तर आरंभीं पांच माणसांच्या वस्तीची सोय होते, पाणी नसेल तर दोघांचीच.

पाण्याचें भागलें. पाणी निदान आकाशांतून थेट गडावर पडतें. धान्याला पायथ्यापासून चढावें लागतें. आणि तें केव्हांहि चढून चालत नाहीं. ज्येष्ठांत पाऊस लागला कीं ओढे फुगतात, वाटा निसरड्या होतात, बैल पाय टाकीत नाहीं. आगोटीपूर्वीं जें वर आलें तें आपलें. मराठींत ‘बेगमी’ हा शब्द घराघरांत आहे; पापड-कुरडयांच्या बेगमीपासून सरपणाच्या बेगमीपर्यंत तो पसरला आहे. गडाच्या बाबतींत तो जीवन-मरणाचा शब्द होता. देशावर धान्य ठेवावयाचें तर जमिनींत पेव खणतात. पण कोरड्या जमिनीची ही सोय गडावर चालत नाहीं, कारण खालीं कातळ आणि वरून मुसळधार. तेथें दगडी भिंतींचीं कोठारें बांधावीं लागतात. पन्हाळ्यावरच्या अंबारखान्याचीं तीन प्रचंड कोठारें, गंगा, यमुना आणि सरस्वती, अजून उभीं आहेत. शिवनेरीवरहि अंबारखाना आहे. ‘आज्ञापत्रा’ंत कोठारांची काळजी गृहिणीच्या बारकाव्यानें सांगितली आहे: आग, उंदीर, किडा-मुंगी, वाळवी यांचा उपद्रव होऊं नये अशा बेतानें जमिनीला दगड-चुना घालून तीं बांधावींत. नाचणीचा येथें मोठा उपयोग. दिसायला गरीब, पण नीट वाळवून ठेवली तर वर्षेंच्या वर्षें तिला कीड लागत नाहीं. तांदळाचें कौतुक गाणाऱ्यांनीं हा तिचा गुण लक्षांत ठेवावा.

कोठार भरलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. तें कोणी कसें उघडावें हा पुढचा प्रश्न. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेंत एका गडावर एकच मालक नसे. हवालदार, सबनीस व कारखानीस असे तीन अधिकारी, आणि धान्यसामुग्रीचा हिशेब कारखानिसाकडे. गडाच्या किल्ल्या व गडाचें धान्य एका मुठींत न ठेवण्यांत जें शहाणपण आहे तें स्पष्ट करून सांगावयास नको. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारचें, चिपळूणजवळच्या लष्करी तळास लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. तें गडाचें नव्हे, घोडदळाच्या पावसाळी छावणीचें आहे; पण हिशेब तोच. पावसाळाभर पुरेल इतका दाणा-वैरण तेथें जमा केलेला. त्यांतून आज हात मोकळा सोडाल तर ऐन पावसांत कांहीं उरणार नाहीं, घोडीं मरतील, आणि मग शिपाई कुणब्याच्या घरांत शिरून दाणे, भाकर, गवत, भाजी ओढूं लागेल, असा त्याचा आशय आहे. कुणब्याला मग मोगलापेक्षां आपलेच लोक वाईट वाटतील, हेंहि त्यांत स्पष्ट आहे. पुढें वैरणीच्या गंजीजवळ दिवा ठेवूं नका, उंदीर जळती वात ओढून नेईल, इथपर्यंत सूचना उतरतात. राज्याच्या छत्राखालीं उंदराच्या तोंडांतल्या वातीचा विचार करणारा राजा विरळा.

या पत्रांतील कुणबी हाच खरा विषयाचा गाभा आहे. कोठार धान्य राखतें, पिकवीत नाहीं. पिकवणारा खालीं असतो. गडाच्या पायथ्याच्या गांवांना व रानाला जुना शब्द आहे ‘घेरा’. सिंहगडाखालीं घेरा सिंहगड, पुरंदराखालीं घेरा पुरंदर हीं गांवांचीं नांवें आजहि सरकारी कागदांत चालूं आहेत. घेऱ्यांतल्या रानाची व वाटांची राखण कोळी, रामोशी, महार, मांग अशा लोकांकडे असे व त्यांच्या चाकरीचा मोबदला बहुधा जमिनीच्या रूपानें मिळे. दूध-दुभतें, गवत, लांकूडफांटा, भाजीपाला घेऱ्यांतून वर जाई. रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट दंतकथा असली तरी तींतली व्यवस्था खरी वाटते. पायथ्याच्या गांवची गवळण रोज दूध विकायला गडावर जाते, एके दिवशीं उशीर होतो, दरवाजे बंद होतात, आणि घरीं तान्हें मूल म्हणून ती कड्यावरून उतरते. तिच्या धाडसाच्या नांवानें बुरूज झाला असें सांगतात. त्या धाडसाच्या आड एक साधी गोष्ट झांकली जाते: राजधानीचें दूध खालच्या खेड्यांतून येत होतें.

म्हणून गड वसवावयाचा तर खोरें आधीं वसवावें लागतें. पुण्याचा इतिहास याला साक्षी आहे. १६३० मध्यें आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें जाळून उद्ध्वस्त केलें, आणि त्याच सुमारास दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. रान माजलें, लांडगे गांवांत फिरूं लागले. पुढें शहाजीराजांच्या जहागिरींत, जिजाबाईंच्या छत्राखालीं व दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीनें परगणा पुन्हां लागवडीस आणला गेला. लांडगे मारणारास बक्षीस होतें. नवी जमीन काढणाऱ्या कुणब्यास पहिल्या वर्षीं नांवाला सारा, मग वर्षावर्षाला थोडा थोडा चढता. या चढत्या साऱ्याला ‘इस्तावा’ म्हणत. तोरणा व राजगड हातीं आले ते या लागवडीच्या पाठोपाठ. इतिहासांत तोरण्याला तोरणाचा मान मिळाला. त्याच्या शिबंदीची भाकर मात्र इस्ताव्यानें पिकूं लागलेल्या शेतांतून आली असली पाहिजे.

ही गोष्ट शत्रूलाहि उमगली होती, आणि ती त्यानें कशी वापरली हें १६६५ सालीं दिसलें. मार्चच्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनीं पुरंदरास वेढा घातला. वज्रगड एप्रिलच्या मध्यास पडला. मुरारबाजी पुरंदरावर लढतां लढतां पडला. हा भाग सर्वांस ठाऊक आहे. पण जयसिंग नुसता तटावर तोफा डागीत बसला नव्हता. त्यानें दाऊदखानाबरोबर स्वतंत्र फौज देऊन राजगड, सिंहगड व रोहिडा यांच्या भोंवतालचा मुलूख बेचिराख करण्यास धाडलें. रोहिड्याच्या आसपास सुमारें ५० गांवें जाळल्याची नोंद मोगली पत्रव्यवहारांत आहे. गुरें हांकून नेलीं, माणसें धरून नेलीं. दिवस एप्रिल अखेरचे. रब्बीचें धान्य घरांत आलेलें, पुढच्या पेरणीचें बियाणें कणगींत, बैल गोठ्यांत. त्या वेळीं घर जळणें म्हणजे एका वर्षाचें नव्हे, दोन वर्षांचें पीक जळणें. गडाच्या तटाला एकहि भेग न पाडतां गडावरच्या माणसांच्या तोंडचा घांस काढण्याचा हा मार्ग होता, आणि त्याची किंमत ज्यांनीं कधीं तरवार धरली नाहीं त्यांनीं मोजली.

पुरंदरावर तेव्हां किती तोंडें होतीं याचाहि अंदाज आहे. गड खालीं झाला तेव्हां सुमारें ७,००० माणसें बाहेर पडलीं, त्यांत लढणारीं सुमारें ४,००० होतीं, असें मोगलांकडील वृत्त आहे. राहिलेलीं ३,००० बायकामुलें, म्हातारीकोतारीं, चाकर असावींत. आतां माणशीं दिवसाला अर्धा किलो धान्य धरलें तर रोज ३,५०० किलो, म्हणजे ३५ क्विंटल. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरला तर दररोज ३५ बैलांचें ओझें. मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचे ७५ दिवस मोजले तर २,६२५ बैल. यांत मीठ नाहीं, तूप-तेल नाहीं, जनावरांची वैरण नाहीं. आणि हें सारें वेढा पडण्याआधीं वर असावयास पाहिजे, कारण नंतर एक बैलहि चढणार नाहीं. हा हिशेब ढोबळ आहे. पण वेढ्यांत सांपडलेल्या किल्लेदारानें रोज सकाळीं कोठाराच्या दारांत उभें राहून याहून वेगळा हिशेब केला असेल असें वाटत नाहीं.

जूनमध्यें तह झाला. त्याचीं कारणें अनेक होतीं; पण तहाचीं कलमें पाहिलीं तर गडाची किंमत कशांत मोजली गेली हें ध्यानांत येतें. महाराजांनीं २३ किल्ले व त्यांच्याखालचा ४ लक्ष होन उत्पन्नाचा मुलूख सोडला; १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख स्वतःकडे राहिला. किल्ला एकटा दिला-घेतला गेला नाहीं. त्याच्याबरोबर त्याला पोसणारी जमीन दिली-घेतली गेली. तह लिहिणाऱ्या दोन्ही बाजूंना गड म्हणजे तटाच्या आंतली जागा नव्हे, हें पुरतें माहीत होतें.

आतां पुन्हां पटाकडे वळलें म्हणजे तेथील उपाशी नगराचा उलगडा सोपा होतो. जाणता खेळाडू अशा जागीं नगर वसवण्याआधीं मागें एक-दोन धान्यवान् नगरें उभीं करतो. मग नव्या नगरांतून व्यापाऱ्याचा तांडा जुन्या नगराकडे पाठवतो. गंमत अशी कीं, या खेळांत ज्याला अन्न हवें त्याच्याच वेशींतून तांडा निघावा लागतो. भुकेल्यानें खालीं उतरून मागून आणावें, हा गडाचाच रिवाज. दुसरें, तो तेथील वस्ती फुगवीत नाहीं. चार माणसें खाणींत राबत असतील व चौघांचें पोट भरत असेल तर नगर अपुरें नाहीं. तें आपल्या कामापुरतें पुरें आहे. सिंहगडावर पुणें वसवण्याचा उद्योग कोणी केला नाहीं, तो याचसाठीं. वाळवंटासाठीं खेळांत ‘पेट्रा’ नांवाचें एक आश्चर्य बांधतां येतें. तें बांधतांच त्या नगराच्या वाळवंटी घरांतून दोन मापें अन्न निघूं लागतें. ही मात्र जादू झाली. जॉर्डनमधलें खरें पेट्रा वाळूंतून धान्य काढून मोठें झालें नाहीं. नबाती लोकांनीं डोंगरावरचा थोडका पाऊस कालव्यांनीं व टांक्यांनीं अडवला आणि उंटांच्या तांड्यांवर व्यापार केला. म्हणजे तेंहि शिवनेरीच्याच जातीचें नगर.

खेळांत कांहीं गोष्टी मुळींच येत नाहींत, आणि त्यांचा अभाव जाणवतो. २०१९ च्या पुरवणींत पूर आले, दुष्काळ आले. पण आगोट नाहीं. तेथें अन्न दर खेळीस सारखें येतें. वर्षांतले चार महिने वाट बंद, हा अनुभव पटावर नाहीं. कोठाराला उंदीर नाहीं. आणि तांडा चालतो तो कोणाच्या पाठीवर, हें कोणी विचारीत नाहीं. देशावरचें धान्य लांबवर नेणारे लमाण आपल्या हजारों बैलांसह आयुष्यभर वाटेवरच राहिले. गडाच्या शेवटच्या चढणीवर, जेथें बैलहि थांबे, तेथें पाटी माणसाच्या डोक्यावर आली. खेळांतला तांडा मात्र एका रेषेवरून आपोआप सरकतो.

‘आज्ञापत्रा’ंतली आणखी एक सूचना येथें आठवते. गडावरचा केरकचरा खालीं न फेंकतां जाळावा व त्याची राख परसांत टाकून घरोघर भाजी करावी, असें त्यांत सांगितलें आहे. आंबा, फणस, चिंच अशीं झाडें लावावींत, तीं तोडूं नयेत, तींहि प्रसंगीं कामास येतात. भाजीच्या दोन वाफ्यांनीं ७,००० माणसांचें पोट भरत नाहीं, हें लिहिणाऱ्याला ठाऊक होतें. पण वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत, नाचणीच्या भाकरीबरोबर एखादी हिरवी काडी मिळणें म्हणजे काय, हेंहि त्याला ठाऊक असावें.

१८१८ च्या मार्चांत सिंहगड इंग्रजांकडे गेला, मे महिन्यांत रायगड. लांब पल्ल्याच्या तोफांनीं काम उरकलें. उपासमार करण्याची गरज पडली नाहीं. पुढें घाटांतून सडका झाल्या, आगगाडी आली, आणि उंचीची ती जुनी किंमत उरली नाहीं. किंमत गेली तशी वस्तीहि गेली. शिबंदी उठली, कोठारांचीं छपरें कोसळलीं. टांक्यांत मात्र दर पावसाळ्यांत पाणी भरत राहिलें.

आज सिंहगडावर रविवारीं पुणेकरांची रीघ लागते. घेऱ्यांतल्या बायका मडक्यांत लावलेलें दही विकतात, चुलीवर पिठलें शिजतें, भाकऱ्या थापल्या जातात, आणि देवटांक्याचें गार पाणी पिऊन लोक तृप्तीनें खडकवासल्याच्या जलाशयाकडे पाहत बसतात. भाकरीचें पीठ अजूनहि खालूनच येतें.